अख्खी सुपारी

रत्नागिरीच्या बाजारपेठेत धाकू रावजी शेट्ये यांची पेढी होती, तेव्हा तिथे ठेवीची पावती म्हणून सुपारी मिळत असे. माणूस पैसे घेऊन आला की रक्कम मोजली जाई, मुनीम ती वहीत लिही, आणि मग शेट मांडीजवळचा अडकित्ता उचलून एक सुपारी मधोमध कापत. अर्धे खांड ठेवणाऱ्याच्या हातावर, अर्धे स्वतःच्या तोंडात. शेटने आपले खांड चावले की ठेव पेढीची झाली. धाकूशेटना लिहिता येत नव्हते आणि मिऱ्या, भाट्ये, राजिवडा इथून येणाऱ्या खलाशांच्या बायकांना वाचता येत नव्हते. दोघांच्या सोयीने ही रीत पडली. बायका ते खांड घरी डब्यात जपून ठेवत.

रीतीची दुसरी बाजू क्वचित दिसे. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, कर्ज उचलायला कोणी येत नाही. अशा दिवसांत नव्या ठेवीवर व्याज देणे पेढीला परवडत नसे. मग धाकूशेट अडकित्त्याला हात न लावता अख्खी सुपारी माणसाच्या हातावर ठेवत. पैसे घरी ने, नारळी पौर्णिमेनंतर बघू, एवढाच त्याचा अर्थ. नकार तोंडाने द्यावा लागत नसे आणि आलेला माणूस अगदीच रिकाम्या हाताने परत जात नसे.

धाकूशेट १९१९ साली वारले. त्यांचा मुलगा आत्माराम इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेला होता, पण सुपारी त्यानेही चालू ठेवली. १९२६ च्या मे महिन्यात जयगडजवळ मालाची ने-आण करणाऱ्या दोन फत्तेमाऱ्या बुडाल्या. दोन्हींवर पेढीचे कर्ज होते. ठेवीदारांना त्याची झळ लागली नाही, पण आत्मारामशेटचे स्वतःचे भांडवल जवळजवळ संपले. त्याच वर्षी मुंबईच्या दि अरेबियन सी मर्कंटाइल बँकेचा माणूस रत्नागिरीत उतरला. ही मोठी बँक डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पेढ्या विकत घेत होती. दसऱ्याच्या आधी करार झाला.

करार सोळा पानांचा आणि इंग्रजीत होता. जागा, तिजोरी आणि येणे-देणे यांचा हिशेब पहिल्या चार पानांत संपला. उरलेली बारा पाने पेढीच्या नावलौकिकाविषयी होती. बँक त्याला गुडविल म्हणे आणि त्याची किंमत तिने चाळीस हजार रुपये ठरवली होती. त्यातले दहा हजार रोख, तीस हजारांचे बँकेचे शेअर, तेही दहा वर्षे विकता न येणारे. त्याबदल्यात आत्मारामशेटने १९३६ च्या ऑक्टोबरपर्यंत रोज दहा ते चार आपल्या जुन्या गादीवर बसायचे. परवानगीशिवाय तीन दिवसांहून जास्त गाव सोडायचे नाही. दुसऱ्या कोणासाठी किंवा स्वतःसाठी ठेव घ्यायची नाही. बोलून अथवा लिहून कोणालाही बँकेपासून परावृत्त करायचे नाही. यातले काही मोडले तर मिळालेली सगळी किंमत परत करायची, आणि त्याची हमी म्हणून राहते घर लिहून दिलेले.

बँकेने भिंती रंगवल्या, रोखपालासाठी जाळीची खिडकी केली, वर इंग्रजी पाटी लावली. गादी मात्र होती तिथेच ठेवली. जाळीमागच्या परक्या माणसावर बायकांचा विश्वास बसेना, म्हणून एक बदल आपोआप झाला. पूर्वी पैसे आधी आणि सुपारी नंतर असे. आता बाई आधी गादीपाशी येई, शेटकडून खांड घेई, शेटने आपले खांड तोंडात टाकलेले पाही आणि मगच खिडकीकडे वळे. सुपारीचा खर्च बँक देई. दरमहा साडेतीन रुपये, लेखनसामग्रीच्या खात्यावर.

बँक बारा महिने ठेवी घेत असल्यामुळे सहा वर्षांत अख्खी सुपारी कोणाला मिळाली नाही. ती रीत बँकेच्या माणसांना ठाऊकच नव्हती. भिकाजीला ठाऊक होती. तो धाकूशेटच्या वेळचा मुनीम, आता सहासष्ट वर्षांचा. त्याची मोडी बँकेला नको होती, पण गादीसोबत त्यालाही ठेवून घेतले होते. दाराजवळच्या स्टुलावर बसून तो आलेल्यांना वाट दाखवी.

आत्मारामशेटची एकुलती मुलगी मालन हर्णेला दिलेली होती. १९३० मध्ये तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी ते चार दिवस जाऊन आले. पुढच्या वर्षी नातवाच्या जावळासाठी त्यांनी आठ दिवस मागितले, तेव्हा मुंबईहून उत्तर आले की, मागील खेपेस आपल्या अनुपस्थितीच्या चार दिवसांत शाखेत एकही नवी ठेव आली नाही, सबब परवानगी देता येत नाही. त्यांनी ते पत्र घरी नेऊन पत्नीला वाचून दाखवले.

आनंदीबाई म्हणाल्या, "पेढी विकली म्हणून सांगत आलात त्या दिवशी. विकलेत ते स्वतःला. माझ्या नवऱ्याचा सौदा झाला नि मला कोणी विचारलंसुद्धा नाही."

"चाळीस हजारांना गेलो गो," आत्मारामशेट म्हणाले. "कमी नाही."

"मला विचारलं असतंत तर इतके नसते सांगितले मी."

१९३३ च्या एप्रिलमध्ये बँकेचा छापील ताळेबंद आला. दरवर्षी येई. शेअरवाला म्हणून शेटना त्याची एक प्रत मिळे आणि ती गादीखाली जाई. त्या वर्षी त्यांनी ती वाचली, कारण दुपारी कोणी येत नव्हते. मालमत्तेच्या बाजूला चौथी ओळ गुडविलची होती. रक्कम चौदा लाख. त्यांनी गादीखालून जुन्या प्रती काढल्या. १९२७ अखेर तीन लाख वीस हजार. १९३० अखेर साडेसात लाख. बँकेने शेवटची पेढी १९२८ मध्ये घेतली होती. त्यानंतर काही विकत न घेता हा आकडा दरवर्षी फुगत होता, आणि जेवढा फुगे तेवढा नफा धरून भागधारकांना वाटला जात होता.

शाखेचे मॅनेजर सखाराम नाबर मुंबईहून आलेले होते. पस्तिशीचे, स्वच्छ कोटातले, मनाने वाईट नव्हेत. आत्मारामशेट प्रती घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले.

"नाबरसाहेब, हे गुडविल म्हणजे काय जिन्नस?"

"तुम्ही," नाबर हसून म्हणाले. "तुम्ही, आणि बाकीच्या दहा गावांतली तुमच्यासारखी दहा माणसं."

"रत्नागिरीचं किती धरलंय?"

नाबरांनी शाखेचा कागद पाहिला. "एक लाख साठ हजार."

"सहा वर्षांत मी चौपट झालो? दात तर चार पडले."

"माणसाची पत वाढते, शेटजी. ठेवी वाढल्या तशी तुमची किंमत वाढली. अभिमान वाटायला पाहिजे तुम्हाला."

"वाटेल. पण उद्या लोक पैसे मागायला आले तर या चौदा लाखांतलं काय काढून देणार?"

"सगळे एकदम कशाला येतील?" नाबर म्हणाले. "तुम्ही बसलेले आहात ना."

आत्मारामशेट गादीवर परत आले. सुपारी गुंडाळून आलेल्या कागदाच्या पाठीवर त्यांनी साधी वजाबाकी केली. बँकेचे भांडवल दहा लाख, गंगाजळी दीड लाख. मालमत्तेतून चौदा लाखांची ती ओळ काढली तर हे साडेअकरा लाख जातात आणि वर अडीच लाख कमी पडतात. ते अडीच लाख ठेवीदारांचे. त्यांच्यामागे पैसा नव्हता, जमीन नव्हती, माल नव्हता. अकरा गावांत अकरा माणसे गादीवर बसली होती, तेवढेच होते.

त्यांनी कागदाची घडी करून कनवटीला लावली. त्या दिवशीही चार वाजेपर्यंत त्यांनी तीन सुपाऱ्या कापल्या. न कापाव्यात तर काय करावे, हे त्यांना सुचले नाही. बोलावे तर घर जाणार, शेअर जाणार, आणि शब्द बाहेर पडताच चारशे बारा ठेवीदार दारात उभे राहणार. शाखेतल्या ठेवी दोन लाख पंच्याऐंशी हजारांच्या होत्या, तिजोरीत कधी बारा हजारांवर रोकड नसे. न बोलावे तर रोज आणखी एक-दोन माणसे आत येणार, त्यांच्या हातून सुपारी घेऊन. महिनाभर त्यांनी दोन्ही बाजूंनी हिशेब करून पाहिला. दोन्हीकडून तो तसाच येई.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून तार आली. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होत होत्या. सोमवारी २९ तारखेला संध्याकाळी शेवटची बोट भगवती बंदरातून सुटणार होती. शाखेत हजार रुपये ठेवून बाकी सर्व रोकड त्या बोटीने पाठवावी आणि तोवर जमतील तेवढ्या नव्या ठेवी जमा कराव्यात, असा हुकूम होता. एकदा बोटी थांबल्या की मुंबईचा पैसा रत्नागिरीला यायचा तो कोल्हापूरवरून, घाट उतरून, मोटारीने, आणि तोही मुंबईची इच्छा असेल तर. नाबरांनी तार रोखपालाला वाचून दाखवली. गादी तिथून दहा हातांवर होती.

शुक्रवारी २६ तारखेला अकराच्या सुमाराला हौसा आली. मिऱ्याची, तिशीच्या आतबाहेरची. तिचा नवरा महिपत आगबोटीवर आगवाला, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, होता. गेल्या वर्षी एडनच्या पुढे बोटीवरच गेला. दहा महिने कागद फिरल्यावर कंपनीने नुकसानभरपाईचे नऊशे रुपये दिले होते. ते कापडात बांधून, काखेत दाबून ती गादीसमोर बसली.

"शेट, हे त्याचे हायत," ती म्हणाली. "घरात ठेवले तर दीर ठेवायचा नाय. होडी घ्यायची म्हणतोय. तुमच्याकडे ठेवते. पोरीच्या लग्नापातूर हात लावायची नाय."

नाबर स्वतः टेबल सोडून पुढे आले. एका हाती नऊशेची ठेव त्या महिन्यात आली नव्हती. "बसा बाई, बसा. साडेसहा टक्के व्याज मिळेल. शेटजी, घ्या."

हौसाने हात पुढे केला. आत्मारामशेटनी अडकित्ता उचलला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"याची खीळ सैल झाली आहे," ते म्हणाले. "सुपारी धरत नाही. हौसा, तू उद्या ये."

"अहो, सुपारीचं काय घेऊन बसलात?" नाबर म्हणाले. "रक्कम घेऊ, सुपारी उद्या देऊ."

"नको," हौसा म्हणाली. "सुपारीबिगर नको. उद्या येते मी. एवढी काय घाई हाय, मेल्या माणसाला?"

ती गेली. नाबरांनी शिपायाला बाजारात पिटाळले आणि तासाभरात सव्वा रुपयाचा नवा पितळी अडकित्ता गादीवर आला. त्याचीही नोंद लेखनसामग्रीत झाली. भिकाजीने स्टुलावरून मान वळवून तो पाहिला.

"चांगला हाय," तो म्हणाला. "शेट, जुन्याला काय झालंवतं?"

"सैल झाला."

"काल तर बरा होता."

आत्मारामशेटनी जुना अडकित्ता गादीखाली सरकवला. भिकाजीने मान पुन्हा दाराकडे वळवली.

संध्याकाळी जेवताना त्यांनी आनंदीबाईंना पहिल्यांदा सगळे सांगितले. ताळेबंद, वजाबाकी, तार, हौसा. आनंदीबाईंनी वाढता हात थांबवला नाही.

"तिच्या घरी जाऊन सांगा," त्या म्हणाल्या.

"ती दिराला सांगेल, दीर बाजारात सांगेल. शेट्ये अमुक बोलला म्हणून चार साक्षीदार उभे राहतील. करारात तसं स्पष्ट लिहिलंय, बोलून अथवा लिहून. घर जाईल."

"घर गेलं तर नाट्याला जाऊ. माझा भाऊ काही हाकलून देणार नाही."

"आणि बाकीचे चारशे? त्यांचं तर आधीच मुंबईला गेलंय. मी बोललो की ते बुडणार."

"तुम्ही नाही बोललात तर तरणार आहेत का?"

आनंदीबाईंनी ताटात आमटी वाढली आणि म्हणाल्या, "मामंजी असते तर काय केलं असतं?"

"बाबांवर ही वेळच आली नसती."

"आली असती तर म्हणते मी. आखाडात पैसे घेऊन बाया यायच्या तेव्हा ते काय बोलायचे?"

"काही बोलायचे नाहीत," आत्मारामशेट म्हणाले, आणि त्यांचा घास तसाच हातात राहिला.

शनिवारी बँक एकपर्यंत असे. बाकावर सहा माणसे बसली होती. हौसा साडेदहाला आली, तसेच कापड, तसेच काखेत. नाबर टेबलावरून पाहत होते. हौसाने हात पुढे केला. आत्मारामशेटनी तबकातून एक सुपारी निवडली, नव्या अडकित्त्याकडे न पाहता ती अख्खी तिच्या तळहातावर ठेवली आणि आपले दोन्ही हात मांडीवर घेतले.

हौसाने सुपारीकडे पाहिले. मग शेटकडे. तिची सासू पंचवीस वर्षे या गादीवर येत असे आणि एका श्रावणात अशीच सुपारी घेऊन घरी परतली होती. घरात ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. हौसाने सुपारी पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि कापड काखेत घट्ट धरून उठली.

"बरं," ती म्हणाली.

दाराशी भिकाजी स्टुलावरून उठून उभा राहिला आणि तिच्यासाठी दार उघडून धरले. हे त्याने पूर्वी कोणासाठी केले नव्हते.

"काय झालं?" नाबरांनी विचारले. "बाई परत का गेली?"

"काय नाय साहेब," भिकाजी म्हणाला. "दार लावून घेऊ का? वारा येतोय."

बाकावरची सहा माणसे एकेक करून उठली आणि काम न करताच निघून गेली. रविवारी बँक बंद होती. आत्मारामशेट दिवसभर घरीच होते. दुपारी आनंदीबाई विहिरीवरून आल्या. हौसाला अख्खी मिळाल्याचे भाट्याच्या बाईने आपल्यालाच सांगितले, असे म्हणाल्या.

सोमवारी दहाला दार उघडले तेव्हा बाहेर सत्तरएक माणसे उभी होती. त्यांत बायका जास्त. नाबर खूष झाले. शेवटच्या बोटीआधी नव्या ठेवी येणार, असा त्यांचा समज झाला. पण माणसे जाळीकडे गेली नाहीत. गादीसमोर रांग लागली. सर्वांत पुढे राजिवड्याची गंगुबाई होती, मासळीवाली, पेढीच्या वेळेपासूनची ठेवीदार. तिने हात पुढे केला.

"शेट, माजं जुनं खांड किडलं," ती मोठ्याने म्हणाली. "नवं द्या."

आत्मारामशेट हात मांडीवर ठेवून बसले होते. गंगुबाईने हात तसाच धरला. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे दोन मिनिटेही झाली नसतील.

"अख्खी तरी द्या मग, हौसाला दिलीत तशी," ती म्हणाली.

अख्खीही मिळाली नाही. गंगुबाईची ठेव बँकेत होती. घरी ने म्हणायला तिच्या हातात काही नव्हते. तिने हात मागे घेतला, सावकाश उठली आणि जाळीच्या खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "माजे तीनशे दहा काढा." तिच्यामागचा माणूस गादीसमोर आला, त्याने हात पुढे केला, वाट पाहिली, आणि तोही खिडकीकडे वळला. त्याच्यामागचाही.

अकरा वाजता नाबरांना भिकाजीकडून रीत कळली. ते गादीपाशी येऊन खाली बसले. यापूर्वी ते कधी तिथे बसले नव्हते.

"शेटजी, कापा," ते हळू आवाजात म्हणाले. "फक्त सुपारी तर कापायची आहे. एक कापलीत तर ही माणसं घरी जातील."

"जातील," आत्मारामशेट म्हणाले. "पैशांची पेटी बोटीवर चढवू नका. आहे ती रोकड इथेच ठेवा आणि रांगेतल्यांना तसं सांगा. मी कापतो."

"मला तो अधिकार नाही."

"मग मलाही नाही."

"माझ्या प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम याच बँकेत आहे," नाबर म्हणाले. "मला दोन मुली आहेत. बँक बुडाली तर मी कुठे जाऊ?"

"माझे तीस हजार आहेत," आत्मारामशेट म्हणाले. "आपण दोघं एकाच होडीत, साहेब. मी फक्त तिच्यात नवी माणसं घेत नाही."

दुपारी दोन वाजता तिजोरीतले अकरा हजार चारशे रुपये संपले. एकसष्ट जणांना पैसे मिळाले. तीनशे एक्कावन्न जणांना मिळाले नाहीत. शेवटची बोट संध्याकाळी रत्नागिरीची पेटी न घेता सुटली. मंगळवारी शाखेच्या दारावर हिशेबतपासणीसाठी बंद असा कागद लागला. बातमी बोट बंद असूनही तारेने किनाऱ्यावर फिरली, आणि जुलैच्या तेरा तारखेला बँकेने मुंबईत देणी थांबवली.

जुलै ते ऑक्टोबर आत्मारामशेट बाजारातून मान वर करून जाऊ शकत नव्हते. मच्छीबाजारात एका म्हाताऱ्याने त्यांना सर्वांसमोर अडवले. "हौसाला अख्खी, आमाला काय?" त्याने विचारले. "आमाला सहा वर्सं अर्धी अर्धी चारलीत ती कशापायी?" आत्मारामशेटनी सांगण्याचा प्रयत्न केला की, तेव्हा मला ठाऊक नव्हते. एप्रिलनंतरच्या सुपाऱ्यांविषयी त्यांना ते म्हणता आले नाही. एप्रिल आणि मे मिळून त्या एकतीस होत्या. आकडा त्यांना पाठ होता.

बँकेची मालमत्ता विकून देणी भागवण्यासाठी कोर्टाने अवसायक नेमला. डिसेंबरमध्ये त्याची नोटीस आली. आपण करार मोडून बँकेची हानी केली, सबब चाळीस हजार परत करावेत, अन्यथा घर जप्त होईल. गावातल्या वकिलाने नोटीस दोनदा वाचली आणि विचारले, "त्या बाईला तुम्ही काही बोललात?" नाही. "लिहून दिलंत?" नाही. "मग सुपारी देऊ नये असं करारात कुठे लिहिलंय?" कुठेही नव्हते. उलट सुपारीचा खर्च बँकच देत होती आणि त्याची पावती होती.

कज्जा चालवायला अवसायकाकडे वेळ नव्हता. जानेवारीत तडजोड झाली. घरावरचा बोजा उठणार, पण कराराची उरलेली मुदत आत्मारामशेटनी पुरी करायची. अवसायकाने कागद पाहिले होते. रत्नागिरीत बँकेची एक लाख अठरा हजारांची कर्जे वसूल व्हायची होती, आणि शेट्ये गादीवर असले तर कर्जदार पैसे आणून देतात, असे त्याच्या कारकुनाने कळवले होते. बँक नसली तरी करार ही बँकेची मालमत्ता होती. नव्या ताळेबंदात गुडविलसमोर शून्य होते. त्याखाली एका वेगळ्या ओळीत, वसुलीस उपयुक्त असे म्हणून, या कराराची किंमत दोन हजार धरली होती.

म्हणून फेब्रुवारी १९३४ पासून आत्मारामशेट पुन्हा दहा ते चार गादीवर बसू लागले. इंग्रजी पाटी काढली होती. जाळीच्या खिडकीमागे अवसायकाचा कारकून बसे. नाबर मुंबईला परत गेले होते. भिकाजी पगार नसतानाही स्टुलावर येऊन बसे. घरी बसलो तर सून कामाला लावते, म्हणे. कर्जदार येत, शेटकडे न पाहता पैसे भरत आणि जात. ठेवीदारही येत, आपल्याला किती मिळणार ते विचारायला. १९३५ च्या मार्चमध्ये रुपयाला अडीच आणे ठरले. ते वाटण्याचे काम पंधरा दिवस चालले. प्रत्येक जण खिडकीकडे जाताना गादीसमोरून जाई. तिथे दुसरी वाट नव्हती.

वाटप संपले त्या आठवड्यात हौसा आली. गादीसमोर बसली. पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने सुपारी काढली. ती तीच होती, दोन वर्षांत काळी पडलेली. काखेत तेच कापड होते.

"नऊशेतले साठ खर्च झाले," ती म्हणाली. "दिराला थांग लागू दिला नाय मी. तांदळाच्या कणगीत ठेवले होते, पण आता उंदीर झालेत. शेट, ही कापा. तुमच्याकडे ठेवते."

भिकाजीने स्टुलावरून पाहिले. कारकुनाने लिहायचे थांबवले.

"मला घेता येत नाहीत, हौसा," आत्मारामशेट म्हणाले. "कागदावर सही आहे. छत्तीसच्या ऑक्टोबरपर्यंत कोणाचे पैसे ठेवायचे नाहीत."

"छत्तीस म्हंजे?"

"पुढच्या वर्षीचा दसरा."

"बरं," हौसा म्हणाली. तिने सुपारी परत पदराला बांधली.

"एवढ्या माणसांचं बुडालं, तुला भीती नाही वाटत?" त्यांनी विचारले. "तोवर पोस्टात ठेव. सरकारी आहे."

"पोस्टात कोण वळखीचा हाय?" ती उठली आणि काखेतले कापड सारखे केले. "थांबीन की मी. तुमी कुठं जाताय?"

भिकाजीने दार उघडून धरले. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. आत्मारामशेटनी मांडी बदलली आणि पुढच्या कर्जदारासाठी गादीसमोरची वाट मोकळी केली.